‘उचलला!’ ही बातमी कशी पोचते?

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘एसटीडी – आयएसडी – पीसीओ’ असे लिहिलेली दुकाने आज दिसत नाहीत. मोबाइल आला आणि ती बंद पडत गेली. पण १९९० च्या दशकात प्रत्येक एसटी स्थानकाबाहेर, प्रत्येक बाजारपेठेत ती होती. काचेची छोटी खोली, आत टेलिफोन, आणि डोक्यावर लाल आकडे पळवणारे मीटर. रात्री सवलतीचा दर सुरू झाला की बाहेर रांग लागायची.

१९९५-९६ च्या सुमारास जळगावात अशाच एका बूथवर मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या आजी धुळ्याला लेकीकडे फोन लावत होत्या. त्यांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा मीटरवर पैसे चढलेले होते.

“अरे भाऊ, तिकडून कोणी बोललंच नाही. पैसे कशाचे?”

“आजी, मीटर उगाच नाही पळत. तिकडे कोणीतरी उचललाच असणार.”

वाद बराच रंगला. शेवटी बूथवाल्याने अर्धे पैसे सोडले आणि आजींनी अर्धे दिले. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला. धुळ्यातल्या एका घरात कोणी रिसीव्हर उचलला की नाही, हे जळगावातल्या मीटरला कळते कसे? मीटर काही संभाषण ऐकत नाही. मग ही बातमी कोणत्या वाटेने येते?

उत्तर शोधताना डिजिटल टेलिफोनची सगळी गंमत हाती लागते. वर्गात करून पाहता येतील असे तीन प्रयोगही मिळतात. चला तर, त्या बातमीसोबत धुळ्याहून जळगावला येऊ.

घरापासून एक्स्चेंजपर्यंत

जुन्या पद्धतीच्या टेलिफोनला दोन तारा असतात. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या ह्या तारांवर ४८ व्होल्टचा एकदिश दाब सतत ठेवतात. म्हणून तर घरातली वीज गेली तरी हा फोन चालू राहतो. रिसीव्हर जागेवर असताना आतला स्विच उघडा असतो, म्हणजे मंडल अपूर्ण असते आणि धारा वाहत नाही. घंटा वाजवायची असेल तेव्हा एक्स्चेंज ह्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनांचा प्रत्यावर्ती दाब पाठवते. घंटेच्या वाटेत एक कपॅसिटर असतो. तो एकदिश धारा अडवतो, प्रत्यावर्ती धारा जाऊ देतो. त्यामुळे घंटा वाजते, पण मंडल ‘पूर्ण’ झाले असे एक्स्चेंजला वाटत नाही.

रिसीव्हर उचलला की स्विच बंद होतो, मंडल पूर्ण होते आणि साधारण २० ते ४० मिलिअँपिअर एकदिश धारा वाहू लागते. एक्स्चेंजमधल्या कार्डाला ती जाणवते, ते घंटा थांबवते, आणि ‘उचलला’ ही बातमी जन्माला येते. ह्यात आवाजाचा काहीही संबंध नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. उचलणारा ‘हॅलो’ म्हणो किंवा गप्प राहो, धारा वाहणारच.

ग्राहकाच्या तारा जिथे येऊन मिळतात त्या कार्डाला सात कामे करावी लागतात: तारांना बॅटरीचा दाब देणे, विजेच्या लाटेपासून यंत्राचे रक्षण करणे, घंटा वाजवणे, रिसीव्हर उचलला-ठेवला ह्यावर नजर ठेवणे, आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणे, दोन तारांवरचा जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करणे, आणि तारांची तपासणी करू देणे. ह्या कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून अभियंत्यांनी ‘बॉर्श्ट’ असा शब्द बनवला आहे. हे रशिया-युक्रेनकडच्या बीटच्या सूपचेही नाव आहे!

अशी यंत्रे खेड्यांत नेण्यात आपल्याकडे खरी अडचण होती ती उष्णतेची. परदेशी डिजिटल एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या आणि वीज जाणाऱ्या खानदेशातल्या गावात ती आणायची कुठून? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ ह्या सरकारी संस्थेने, सॅम पित्रोदा ह्यांच्या पुढाकाराने, वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. कमी वीज खाणारे, म्हणून कमी तापणारे भाग वापरणे हे त्यामागचे साधे सूत्र होते.

बत्तीस डब्यांची गाडी

आता बातमी धुळ्याच्या एक्स्चेंजमध्ये आहे. तिला जळगावच्या एक्स्चेंजपर्यंत जायचे आहे. दोन्ही गावांमधले अंतर रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर. प्रत्येक संभाषणासाठी वेगळी तार टाकणे परवडत नाही, म्हणून एकाच वाटेवर अनेक संभाषणे घालतात.

टेलिफोनवर आवाजातली साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतची कंपने पाठवतात. त्यांची नक्कल बिनचूक व्हायची तर दुपटीपेक्षा जास्त वेळा नमुना घ्यावा लागतो, म्हणून सेकंदाला ८००० नमुने ठरले. प्रत्येक नमुना ८ बिटांच्या द्विमान संख्येने लिहितात. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ८ × ८००० = ६४,००० बिट.

दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचा अवकाश असतो. तेवढ्या वेळात इतरांचे नमुने पाठवता येतात. भुसावळ जंक्शनवरून दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक गाडी सुटते अशी कल्पना करा. गाडीला ३२ डबे, प्रत्येक डब्यात ८ बिट. तुमच्या संभाषणासाठी एक डबा ठरलेला, समजा पाचवा. प्रत्येक गाडीच्या पाचव्या डब्यात तुमच्या आवाजाचा एक नमुना बसतो. एकूण वेग झाला ३२ × ६४,००० = २०,४८,००० बिट प्रतिसेकंद. भारतात आणि युरोपात हीच पद्धत आहे. अमेरिकेत गाडी २४ डब्यांची असते.

डबे ३२, पण संभाषणे मात्र ३०. मग दोन डब्यांत काय असते?

डब्यांची मोजणी शून्यापासून होते. शून्य क्रमांकाचा डबा म्हणजे इंजिन. एकाआड एक गाडीच्या ह्या डब्यात ०011०11 ही ठरलेली खूण असते असे म्हटले तर ती नीट वाचता यावी म्हणून मराठी अंकांत लिहू: ००११०११. ही खूण पुन्हा पुन्हा योग्य जागी सापडली की घेणाऱ्याला कळते की गाडी इथे सुरू होते. ती सापडली नाही तर पाचव्या डब्यातला आवाज सहाव्याच्या कानात जाईल.

आणि सोळावा डबा म्हणजे टपालाचा डबा. आपली बातमी ह्याच डब्यातून जाते.

टपालाचा डबा

ह्या डब्यात ८ बिट, आणि संभाषणे ३०. मग टपाल आळीपाळीने जाते. एका गाडीत दोन संभाषणांची बातमी, प्रत्येकी ४ बिट. १५ गाड्यांत ३० संभाषणे होतात. टपालाचा फेरा कुठून सुरू झाला हे सांगायला आणखी एक गाडी. अशा १६ गाड्यांचा एक फेरा २ मिलिसेकंदांत पुरा होतो. म्हणजे प्रत्येक संभाषणाची खबर सेकंदाला ५०० वेळा येते.

१९९० च्या दशकात आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या ‘आर-टू’ पद्धतीत ह्या चार बिटांपैकी शेवटचे दोन नेहमी ०१ असतात. त्यामुळे ०००० असा गट कोणत्याच संभाषणाच्या टपालात येत नाही, आणि फेऱ्याच्या सुरुवातीची खूण म्हणून तो मोकळा राहतो. खरी बातमी असते पहिल्या दोन बिटांत.

जळगावहून धुळ्याला फोन लागताना हे टपाल कसे बदलते ते पाहा. वाट मोकळी असताना दोन्ही बाजू १० पाठवत असतात. जळगावला वाट हवी झाली की ते ०० पाठवते. धुळे उत्तर देते ११, म्हणजे ‘तुमचा निरोप पोचला’. मग नंबरचे आकडे जातात. ते टपालातून न जाता आवाजाच्या डब्यातून जातात. प्रत्येक आकड्यासाठी सहा ठरावीक सुरांपैकी दोन एकदम वाजतात. धुळे ‘ऐकला’ असा सूर परत पाठवेपर्यंत जळगाव आपला सूर थांबवत नाही. आपण एखाद्याला नंबर लिहून घ्यायला सांगतो आणि तो ‘हं’ म्हणेपर्यंत थांबतो, तसेच हे.

धुळ्यात घंटा वाजू लागते. तोवर धुळ्याकडून येणारे टपाल ११ असेच असते. लेकीच्या घरी कोणी रिसीव्हर उचलला, की ११ चे ०१ होते.

बस्, एवढेच! एका बिटाचा १ जाऊन ० आला. तारेवर आलेल्या एखाद्या खरखरीने चुकून तसे झाले तर? म्हणून बदललेला बिट साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे सुमारे दहा फेरे टिकला तरच जळगाव त्यावर विश्वास ठेवते.

जळगावचे एक्स्चेंज मग बूथला ही बातमी कळवते. त्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत बूथकडे जाणाऱ्या दोन तारांचे धन-ऋण उलटे केले जाई. दुसरीत १६ किलोहर्ट्झचे छोटे स्पंद पाठवले जात. टेलिफोनच्या आवाजाच्या पट्ट्यापेक्षा ते कितीतरी वर असल्याने बोलण्यात अडथळा येत नसे. मीटर ह्यांपैकी जी खूण ओळखण्यासाठी बनवलेले असे, ती मिळताच लाल आकडे पळू लागत.

प्रयोग पहिला : उलटी धारा ओळखणारे मंडल

साहित्य: ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर, एक लाल आणि एक हिरवा एलईडी, तारा.

दोन्ही एलईडी एकमेकांना समांतर पण उलट दिशेने जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. ही जोडी रेझिस्टरमधून बॅटरीला जोडा. एक एलईडी लागेल. बॅटरीच्या तारांची अदलाबदल करा. आता दुसरा लागेल.

तुमचा लाल दिवा म्हणजे ‘घंटा वाजते आहे’ आणि हिरवा म्हणजे ‘उचलला’. मीटरमध्ये अशीच एलईडी एका बंद डबीत प्रकाश-संवेदी ट्रान्झिस्टरसमोर बसवता येते. प्रकाश पडला की ट्रान्झिस्टर चालू होतो. टेलिफोनची तार आणि मोजणारे मंडल ह्यांच्यात विजेचा थेट संबंध राहत नाही, फक्त उजेडाचा राहतो. पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटात तारेवर विजेची लाट आली तरी पुढचे मंडल वाचण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

हा प्रयोग बॅटरीवरच करा. खऱ्या टेलिफोनच्या तारांना हात लावू नका. घंटेच्या वेळचा दाब चांगलाच झटका देतो.

शून्य आणि एक तारेवर कसे घालायचे?

आपण ‘बिट पाठवले’ असे सहज म्हणालो. पण तारेवर बिट नसतात, दाब असतो. सर्वांत सोपे काय? १ असेल तेव्हा दाब द्या, ० असेल तेव्हा देऊ नका. पण हे का चालत नाही, ते दुसऱ्या प्रयोगात दिसते.

प्रयोग दुसरा. लोखंडाच्या जाड खिळ्यावर किंवा बोल्टवर इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे दीडशे-दोनशे वेढे गुंडाळा. त्यावर कागद लावून तेवढ्याच वेढ्यांचे दुसरे वेटोळे करा. हा झाला आपला ट्रान्सफॉर्मर. एका वेटोळ्याला दाबायच्या स्विचमधून एक टॉर्चचा सेल जोडा, दुसऱ्याला शाळेतला गॅल्व्हनोमीटर. स्विच दाबा. काटा एका बाजूला उडेल आणि लगेच शून्यावर येईल. दाबून धरा. काटा शून्यावरच. सोडा. काटा उलट बाजूला उडेल. स्विच फार वेळ दाबून ठेवू नका, सेल लवकर संपेल.

एक्स्चेंजच्या यंत्रात तार आत येते तिथे असाच, पण खूप छोटा आणि वेगवान ट्रान्सफॉर्मर असतो. तो बाहेरच्या तारेपासून यंत्राचे रक्षण करतो. पण लागोपाठ अनेक १ आले आणि दाब तसाच राहिला, तर पलीकडे काय पोचेल? काहीच नाही. काटा शून्यावर!

म्हणून अशी युक्ती केली की पहिला १ धन स्पंद, पुढचा १ ऋण स्पंद, त्यापुढचा पुन्हा धन. ० म्हणजे स्पंद नाही. धन आणि ऋण सारखेच असल्याने सरासरी दाब शून्य राहतो, आणि ट्रान्सफॉर्मरमधून सगळे नीट पार होते. आणखी एक फायदा असा की लागोपाठ दोन धन दिसले, तर वाटेत चूक झाली हे घेणाऱ्याला कळते.

प्रयोग तिसरा : वर्गातला खेळ

तरीही एक अडचण उरते. एका बिटाला वेळ मिळतो सुमारे ४८८ नॅनोसेकंद. धुळे आणि जळगाव दोघांनी एकाच तालात मोजले पाहिजे. तालासाठी वेगळी तार नसते, स्पंदांवरूनच ताल पकडावा लागतो. मग खूप शून्ये एकामागून एक आली तर?

दोन मुलांना समोरासमोर बसवा. पहिल्याने एका सारख्या तालात बिट पाठवायचे. १ साठी बाकावर थाप, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, आलटून पालटून. ० साठी हात स्थिर. दुसऱ्याने पाहून बिट लिहायचे. १ ० १ १ ० १ हे सहज जमेल. आता मध्ये बारा शून्ये घाला. लिहिणारा अकरा लिहील, नाहीतर तेरा!

उपाय असा: लागोपाठ चार शून्ये आली की चौथ्या जागी एक थाप मारायची, पण मुद्दाम ‘चुकीच्या’ हाताने, म्हणजे आधीची थाप ज्या हाताची होती त्याच हाताने. उदाहरणार्थ १ ० १ १ ० ० ० ० १ हे असे जाईल:

उजवा, –, डावा, उजवा, –, –, –, उजवा, डावा.

उजव्यानंतर पुन्हा उजवा आला! घेणारा ओळखतो की हा खरा १ नाही. ती थाप धरून मागची चार घरे तो शून्य समजतो. नियम मुद्दाम मोडला, आणि मोडलेला नियमच निरोप झाला.

चतुर विद्यार्थी इथे विचारील, ‘पण ह्या चुकीच्या थापा सगळ्या उजव्याच हाताच्या आल्या तर सरासरी बिघडेल ना?’ बरोबर. म्हणून चुकीच्या थापाही आलटून पालटून याव्यात अशी व्यवस्था आहे. मागच्या चुकीच्या थापेनंतर सम संख्येने थापा झाल्या असतील, तर चार शून्यांच्या पहिल्या जागीही एक थाप घालतात, ती योग्य हाताची. १ १ ० ० ० ० हे उजवा, डावा, उजवा, –, –, उजवा असे होते. घेणाऱ्याचा नियम तोच: चुकीची थाप धरून मागची चार घरे शून्य.

इंटरफेसमध्ये काय काय लागते?

आता अशा लाइनला जोडायचे यंत्र मनातल्या मनात बांधता येईल. सर्वांत बाहेर विजेच्या लाटेपासून बचाव करणारी वायूची छोटी नळी. दाब फार वाढला की ती स्वतःतून धारा जाऊ देते. मग ट्रान्सफॉर्मर. मग धन स्पंद ओळखणारे एक आणि ऋण स्पंद ओळखणारे एक अशी दोन मंडले. त्यांच्या शेजारी स्पंदांवरून ताल पकडणारे मंडल. पुढे चुकीच्या थापा काढून शून्ये परत ठेवणारा भाग. मग ‘इंजिन’ शोधून डबे वेगळे करणारा भाग. शेवटी टपालाचा डबा वाचणारा संगणक. ह्यातले बहुतेक भाग पुढे एक-दोन चिपमध्ये मावू लागले, पण क्रम हाच राहिला.

तांब्याच्या केबलमधून हे स्पंद फार दूर टिकत नाहीत. साधारण दर दोन किलोमीटरवर ते पुन्हा नव्याने घडवावे लागतात. म्हणून लांबच्या पल्ल्यासाठी मायक्रोवेव्हचे मनोरे आणि पुढे प्रकाशतंतू आले. गाडी मात्र बत्तीस डब्यांचीच राहिली.

आजी खऱ्या की मीटर खरे?

आता त्या वादाकडे परत येऊ. मीटरला पळवणारी बातमी सोळाव्या डब्यातून आली. आजींना ऐकू यायला हवा होता तो आवाज दुसऱ्याच डब्यातून येणार होता. लेकीच्या घरी लहान मुलाने रिसीव्हर उचलून तसाच बाजूला ठेवला असेल, तर धारा वाहिली, ११ चे ०१ झाले, मीटर पळाले, आणि आजींना मात्र कोणाचा शब्द ऐकू आला नाही. किंवा आवाजाच्या वाटेतच कुठे बिघाड असेल आणि टपाल सुखरूप पोचले असेल. दोन्ही प्रसंगी आजी खऱ्या आणि मीटरही खरे. मीटर ‘उचलला’ एवढेच मोजत होते. ‘बोलले’ हे त्याला कधी कळतच नव्हते. अर्धे-अर्धे पैसे हा त्या रात्रीचा निवाडा तसा वाईट नव्हता म्हणायचा!

पुढे आवाजाच्या गाड्यांपासून टपाल आणखी दूर गेले. शेकडो संभाषणांचे टपाल एकाच वेगळ्या वाटेने, सविस्तर संदेशांच्या रूपात जाऊ लागले. आज ४-जी मोबाइलवरून तुम्ही जळगावहून धुळ्याला फोन लावला आणि तिकडे कोणी हिरवे बटण दाबले, की ‘२०० ओके’ असा एक छोटा मजकूर परत येतो. काम तेच, जे एके काळी एका बिटाने केले. आणि अजूनही तो मजकूर ‘उचलला’ एवढेच सांगतो.

वर्गात विचारण्यासाठी

१. तारेतून स्पंद सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो असे धरा. एक बिट तारेची किती लांबी व्यापतो? जळगाव-धुळे ९० किलोमीटरची सलग तार असती, तर एका क्षणी तिच्यात किती बिट असते? (उत्तर: सुमारे १०० मीटर, सुमारे ९०० बिट, म्हणजे साडेतीन गाड्यांइतके.)

२. अमेरिकी पद्धतीत टपालासाठी वेगळा डबा नव्हता. दर सहाव्या गाडीत प्रत्येक संभाषणाच्या नमुन्यातला सर्वांत कमी किमतीचा बिट काढून घेऊन तिथे टपाल ठेवत. बोलणाऱ्याला हे सहसा जाणवत नसे, पण त्याच वाटेने संगणकाची माहिती पाठवली तर काय होईल?

३. मीटरने ‘बोलणे सुरू झाले’ हे ओळखावे असे तुम्हाला वाटते. त्यासाठी कोणत्या डब्याकडे पाहावे लागेल? आणि त्यात कोणत्या नव्या चुका होतील?